इद्दत : मोजणी दिवसांची आणि देण्याची

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही आणि इस्लामी धर्मशास्त्राचा अभ्यास तर माझ्यापासून फारच दूर. तरीही या अंकासाठी हा विषय घेतला, याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक. ती चूक बेरजेची नव्हती. बेरीज बरोबर होती, म्हणूनच चूक लवकर ध्यानात आली नाही.

आपल्या अंकाचे जसे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग, तसेच आमच्या घराचेही. आई कन्नड, वडील मराठी. वडिलांची नोकरी सिल्वासाच्या एका कारखान्यात, त्यामुळे माझे सारे शालेय शिक्षण दादरा आणि नगर हवेलीतच, मराठी माध्यमातून झाले. कॉलेजसाठी मी आजोळी आले. सुटी लागली की रेल्वेने वापीला उतरायचे आणि तेथून बसने सिल्वासा गाठायचे, हा नित्याचा क्रम.

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचे एक मुसलमान कुटुंब राहते. त्या घरातल्या आईला मी लहानपणापासून चाची म्हणते आणि त्यांच्या थोरल्या मुलीला आपा. आपा लग्न होऊन सुरतेला गेली होती. गेल्या मे महिन्यात मी घरी गेले, तेव्हा ती दीड वर्षाच्या मुलीला घेऊन माहेरी आलेली दिसली. चाळीत एक लग्न होते. मी तिला सहज म्हटले, "आपा, चल ना हळदीला." ती नुसती हसली. चाची म्हणाल्या, "ती नाही यायची पोरी. इद्दतीत आहे." मला वाटले, आपल्याकडच्या व्रतासारखे काही असावे. पुढे विचारले नाही.

दोन दिवसांनी चाची एक कागद घेऊन आल्या. "तू कॉमर्सची. जरा बघ, हिशेब बरोबर आहे का." कागद जावयाच्या घरून आलेला. त्यावर दोन रकमा होत्या. मेहेर १५,००० रुपये. इद्दतीचा खर्च दरमहा ४,००० प्रमाणे तीन महिन्यांचा १२,००० रुपये. एकूण २७,०००. खाली लिहिले होते की, ही रक्कम मिळाल्यावर मुलीकडून पुढे कसलीही मागणी राहणार नाही, आणि त्याखाली सहीची जागा. मी बेरीज तपासली आणि म्हटले, "बरोबर आहे, चाची." त्यांनी समाधानाने कागद घडी करून ठेवला.

बेरीज बरोबर होती. पण हिशेब तपासणाऱ्याने बेरजेबरोबर आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे जी खाती मांडायला हवीत ती सगळी मांडली आहेत काय. ते मी पाहिले नाही. कारण इद्दत म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते. कॉलेज उघडल्यावर व्यापारी कायद्याच्या तासानंतर मी आमच्या सरांना हा प्रसंग सांगितला. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "तू एकच शब्द वाचला नाहीस." तो शब्द कोणता, हे पुढे येईलच. आधी इद्दतीविषयी.

शब्द आणि दिवस

'इद्दत' हा शब्द अरबीतला. मोजणे, गणना करणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे. म्हणजे इद्दत म्हणजे मोजणी. विवाहसंबंध तलाकाने किंवा पतीच्या मृत्यूने संपला की स्त्रीने ठराविक काळ थांबायचे, आणि तोवर दुसरा निकाह करायचा नाही. तो काळ मोजून पुरा करायचा, म्हणून हे नाव.

हा काळ सर्वांना सारखा नसतो. तलाक झालेल्या स्त्रीला मासिक पाळी येत असेल, तर तीन पाळ्यांची मोजणी. पाळी येत नसेल, तर तीन चांद्रमास. गरोदर असेल, तर प्रसूतीपर्यंत. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची, आणि ती गरोदर असेल तर बहुसंख्य सुन्नी मतानुसार प्रसूतीपर्यंत. लग्न होऊनही पतिपत्नी एकत्र आलेच नसतील आणि तलाक झाला, तर इद्दत मुळीच नाही. मात्र अशा स्थितीत पती वारला, तर विधवेची इद्दत पाळावीच लागते. या नियमांचा मूळ आधार कुराणातील दुसऱ्या, तेहेतिसाव्या आणि पासष्टाव्या अध्यायांत आहे.

येथे महिने म्हणजे चंद्राचे महिने. चांद्रमास २९ किंवा ३० दिवसांचा. त्यामुळे तीन चांद्रमास सुमारे ८८-८९ दिवसांत पुरे होतात, आणि चार महिने दहा दिवस म्हणजे सुमारे १२८ दिवस. 'इद्दत म्हणजे ९० दिवस' असे जे सर्रास म्हटले जाते ते म्हणूनच ढोबळ आहे. पाळी येणाऱ्या स्त्रीची इद्दत तर दिवसांवर नाहीच, ती तिच्या शरीराच्या घड्याळावर आहे.

तीन पाळ्या म्हणजे नेमके काय, यावरही जुना मतभेद आहे. कुराणातील मूळ शब्दाचा अर्थ हनफी पंथ 'पाळी' असा घेतो, तर शाफई पंथ 'दोन पाळ्यांमधला शुद्ध काळ' असा. भारतात बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. पण कोकणातील मुसलमान आणि आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील भटकळचे नवायत प्रामुख्याने शाफई. म्हणजे एकाच चाळीत दोन बहिणींसारख्या राहणाऱ्या दोन स्त्रियांची मोजणी काही दिवसांनी पुढेमागे होऊ शकते.

आणखी एक बाब. मोजणी तलाक किंवा मृत्यू झाल्या दिवसापासून सुरू होते, बातमी कळल्या दिवसापासून नव्हे, असे बहुसंख्य फकीह मानतात. कोकणातील कितीतरी घरांतले पुरुष आखाती देशांत नोकरीला आहेत. अशा घरांत या नियमाचे महत्त्व सहज लक्षात येईल.

थांबायचे कशासाठी?

बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: गर्भ आहे की नाही ते कळावे आणि होणाऱ्या मुलाच्या पित्याबद्दल संशय राहू नये. हे कारण खरेच आहे. वारसा, नाव, पालनाची जबाबदारी हे सारे त्यावर अवलंबून असते. पण आमच्या वर्गात चर्चा निघाली, तेव्हा एकीने रास्त शंका काढली. "आता तपासणी करून दोन मिनिटांत कळते. मग तीन महिने कशाला?"

या शंकेचे उत्तर नियमांतच आहे. केवळ गर्भाचाच प्रश्न असता, तर पाळी कायमची थांबलेल्या वृद्ध विधवेला इद्दत लागली नसती. पतीशी कधी एकत्र न आलेल्या विधवेलाही लागली नसती. पण लागते. तेव्हा इद्दतीमागे आणखी काही हेतू आहेत, हे उघड आहे.

विधवेच्या बाबतीत तो हेतू शोकाचा आणि गेलेल्याच्या आदराचा आहे. या काळात तिने साजशृंगार टाळावा, रात्री आपल्या घरी राहावे, अशी शिकवण आहे. आपल्याकडील सुतकाशी याची गल्लत करू नये. इद्दतीतली स्त्री अपवित्र मानली जात नाही. ती स्वयंपाक करते, नमाज पढते, लेकरांना जवळ घेते. आणि मुख्य म्हणजे या शोकाला शेवट आहे. चार महिने दहा दिवसांनंतर तिला रंगीत वस्त्र, अलंकार, पुनर्विवाह सर्व काही मोकळे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे उच्चवर्णीय हिंदू विधवेच्या वाट्याला जन्मभराचे वैधव्य येत होते आणि पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये करावा लागला, हे आठवले म्हणजे ठरलेल्या मुदतीचे मोल कळते.

तलाकाच्या बाबतीत हेतू निराळा आहे, तो समेटाचा. धर्मशास्त्राने उत्तम मानलेल्या पद्धतीत पती तलाकचा उच्चार एकदाच करतो आणि मग इद्दत सुरू होते. ती संपेपर्यंत त्याला तो तलाक मागे घेता येतो, नव्या निकाहाची गरज नसते. या अवस्थेत विवाह पुरता तुटलेला नसतो. पती मधल्या काळात वारला, तर तिला पत्नी म्हणून वारसाहक्क मिळतो आणि तिची मोजणी नव्याने, विधवेची सुरू होते. पतीलाही या काळात तिच्या बहिणीशी निकाह करता येत नाही. थोडक्यात, रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाला थंड होण्यासाठी दिलेली ही मुदत आहे.

अशी मुदत इतर कायद्यांतही आढळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटानंतर पुनर्विवाहासाठी एक वर्ष थांबण्याची अट होती, ती १९७६ मध्ये काढली. परस्परसंमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचे अंतर आजही कायद्यात आहे. मात्र योग्य प्रकरणी न्यायालय ते माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. पाकिस्तानात १९६१ च्या वटहुकुमाने तलाकाची लेखी नोटीस दिल्यापासून ९० दिवस तो अमलातच येत नाही आणि त्या काळात समेटाचा प्रयत्न करायचा असतो. फरक हा की या कायद्यांत स्त्री आणि पुरुष दोघेही थांबतात, इद्दतीत थांबते ती स्त्री. यावर मुस्लिम समाजातील सुधारकांनीच पूर्वी बोट ठेवले आहे, आणि तो आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

एका दमात तीन वेळा तलाक म्हणून मोकळे होण्याची जी चाल पडली होती, तिने समेटाचा हा हेतूच मोडीत काढला. इद्दत उरली, पण तिच्यातला फेरविचार गेला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी ही पद्धत रद्द ठरवली आणि २०१९ च्या कायद्याने तो शिक्षापात्र गुन्हा झाला. तेव्हा आज कोणी असा तलाक दिला, तर तो तलाकच नव्हे. विवाह कायम राहतो आणि इद्दतीचा प्रश्नच येत नाही. त्याआधी २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने सांगितले होते की, 'मी तलाक दिला' असे नुसते म्हणून भागत नाही. सबळ कारण आणि त्याआधी समेटाचा प्रयत्न झाल्याचे दाखवावे लागते. आपाच्या बाबतीत दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकी झाल्या होत्या. जमले नाही. मग तलाक झाला.

घरात राहणे आणि घरखर्च

इद्दतीचे नाव काढताच लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती दार लावून घरात बसलेली बाई. मलाही हळदीच्या दिवशी तेच दिसले होते. पण कुराणाचा आदेश दोन्ही बाजूंनी आहे. स्त्रीने घर सोडू नये, आणि पतीने तिला घराबाहेर काढू नये. आणि ते घर म्हणजे ती ज्या घरात नांदत होती ते घर.

हनफी पंथाचा एक नियम मला फार बोलका वाटला. तलाक झालेल्या स्त्रीने इद्दतीत बाहेर पडू नये, पण विधवेला दिवसा कामासाठी बाहेर पडण्याची मुभा आहे. असे का? कारण तलाक झालेल्या स्त्रीचा खर्च पतीवर असतो. विधवेचा खर्च उचलायला पती उरलेला नसतो, तिला पोट भरावे लागते. म्हणजे घरी बसण्याचे बंधन आणि खर्च मिळण्याचा हक्क हे एकमेकांना बांधलेले आहेत. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात पती वारलेल्या मुस्लिम स्त्री कर्मचाऱ्याला किमान चार महिने दहा दिवसांची भरपगारी रजा दिली आहे, त्यातही हेच तत्त्व दिसते. थांबायला सांगायचे, तर थांबण्याची सोय करायची.

आपल्याकडे घडते ते बहुधा उलट. तलाक झाला की त्याच दिवशी मुलीची पेटी माहेरी पोचते. समेट व्हायचा तर दोघे एका छपराखाली हवीत, ती तर दोन राज्यांत. खर्च करायचा पतीने, पण जेवायला घालतात आईबाप. एका बाजूची नोंद पुसायची आणि दुसऱ्या बाजूची कायम ठेवायची, याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात ते वाणिज्य शाखेच्या वाचकांना सांगायला नको.

एका शब्दाची किंमत

आता त्या कागदाकडे वळू. इद्दतीनंतर पतीची जबाबदारी संपते काय, हा प्रश्न देशभर गाजला तो शाहबानो प्रकरणाने. इंदूरच्या या बाईंचे लग्न १९३२ चे. पती वकील. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढले गेले. १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी पतीने तलाक दिला. पतीचे म्हणणे असे की, मेहेरचे ३,००० रुपये न्यायालयात भरले, इद्दतीचा खर्च दिला, आता देणे संपले. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये पोटगी ठरवली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती कायम केली. त्यावर वादळ उठले आणि १९८६ मध्ये संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला.

त्या कायद्याने इद्दत संपली की पतीची जबाबदारी संपली, अशी समजूत सर्वत्र पसरली. चाचींना आलेला कागद त्याच समजुतीतून लिहिलेला. पण कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे ते असे की, माजी पतीने 'वाजवी आणि न्याय्य तरतूद व पोटगी' इद्दतीच्या मुदतीच्या 'आत' करावी आणि द्यावी. सरांनी दाखवलेला शब्द तो हाच. इद्दतीच्या 'आत', इद्दती'पुरती' नव्हे.

कॉलेजच्या सूचनाफलकावर 'वार्षिक फी १५ जुलैच्या आत भरावी' असे लिहिलेले असते. म्हणून ती १५ जुलैपर्यंतच्या शिक्षणाची फी होत नाही. ती वर्षाची असते, भरण्याची शेवटची तारीख तेवढी १५ जुलै. तसेच 'तरतूद' या शब्दाचे. ३१ मार्चला हिशेब बंद करताना आपण संशयित कर्जासाठी तरतूद करतो. नोंद या वर्षाच्या पुस्तकात होते, पण ती असते पुढे येणाऱ्या नुकसानीसाठी. तरतूद आज, कारण उद्याचे. जे आजच्या आज खर्चून संपते, त्याला कोणी तरतूद म्हणत नाही. म्हणजे पोटगी इद्दतीच्या काळातली आणि तरतूद त्यापुढच्या आयुष्याची. दोन्ही देण्याची मुदत मात्र इद्दत.

हा माझा शब्दच्छल नव्हे. गुजरात उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असाच अर्थ लावला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये तोच मान्य केला. २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी, शाहबानोंचे वकील असलेले डॅनियल लतिफी यांच्याच याचिकेवर, १९८६ चा कायदा वैध ठरवला तो हाच अर्थ घेऊन. आणि सिल्वासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, १९६१ मध्ये दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन झाल्यापासून हा प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्याच कक्षेत आहे. वापीच्या पलीकडे गुजरात, पण न्यायालय मुंबईचे.

धर्माच्या बाजूने काही उलेमांचे मत वेगळे आहे, हेही सांगितले पाहिजे. परंपरेने खर्चाची जबाबदारी इद्दतीबरोबर संपते, असे ते मानतात. मात्र तलाक झालेल्या स्त्रीला निरोपाच्या वेळी रीतीप्रमाणे काही द्यावे, असा आदेश कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्याला 'मताअ' म्हणतात. हनफी पंथ बहुतेक प्रसंगी ते ऐच्छिक पुण्य समजतो, तर शाफई पंथ आपासारख्या स्त्रीच्या बाबतीत ते आवश्यक मानतो. आणि आपाचे घर शाफई. म्हणजे कागदावर एक खाते कायद्याने राहिलेच होते, त्यांच्या पंथानेही राहिले होते.

चिपळूणचा खटला

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर चाचींच्याच जिल्ह्यातला एक खटला सांगते. लग्न २००५ चे, मुलगी झाली, आणि २००८ मध्ये परदेशी नोकरीला असलेल्या पतीने टपालाने तलाक पाठवला. चिपळूणच्या दंडाधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये १९८६ च्या कायद्याखाली त्या स्त्रीला ४ लाख ३२ हजार रुपये एकरकमी द्यायला सांगितले. खेडच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये ही रक्कम ९ लाख केली. पुढे २०१८ मध्ये तिचा पुनर्विवाह झाला आणि तो काही महिन्यांतच संपला. पतीने उच्च न्यायालयात म्हटले की, तिने दुसरे लग्न केले तेव्हा माझे देणे बुडाले. २ जानेवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. या कायद्यातील तरतुदीला पुनर्विवाह न करण्याची अट नाही. ही रक्कम तलाकाच्या दिवशीच निश्चित होते.

हिशेबनिसाच्या भाषेत, देणे त्या तारखेला उभे राहिले, नंतरच्या घडामोडींनी ते पुसले जात नाही. दरमहा मिळणाऱ्या पोटगीचा मार्ग वेगळा. ती पुनर्विवाहाने थांबते. तो मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे.

याच चिपळूणजवळचे मिरजोळी हे हमीद दलवाईंचे गाव. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी नेला होता आणि तोंडी तलाकाविरुद्ध मागणी केली होती. फक्त सात. त्या मोर्च्यापासून चिपळूणच्या निकालापर्यंत ५७ वर्षे गेली.

कागद पुन्हा मांडताना

सरांशी बोलणे झाले त्या संध्याकाळी मी चाचींना फोन केला. छातीत धडधडत होते. सही झाली असेल तर? सुदैवाने साक्षीला यायचे होते ते रत्नागिरीचे मामू पावसामुळे अडकले होते. कागद फडताळातच होता.

"चाची, मी चुकले," मी म्हटले. "बेरीज बरोबर आहे, पण खाती अपुरी आहेत." मग एकेक सांगितले. मेहेर, तो आपाचा हक्कच आहे, तो कुणाचे उपकार नव्हेत. इद्दतीचा खर्च. पुढच्या आयुष्यासाठी तरतूद, जी कागदावर नाहीच. लग्नात आणि लग्नानंतर आपाला मिळालेले दागिने आणि वस्तू, त्याही कायद्याने तिच्या. आणि मुलगी. तिच्यासाठी १९८६ च्या कायद्यात दोन वर्षांच्या वयापर्यंत आईला वेगळी रक्कम आहे, आणि मुलांना बापाकडून पोटगी मागण्याचा स्वतंत्र हक्क त्यानंतरही राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले आहे.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग चाची म्हणाल्या, "आम्हाला भांडण नको ग पोरी. लोक म्हणतील, बाई कोर्टात गेली." मला काय बोलावे सुचेना. वीस वर्षांच्या मुलीने आईसारख्या बाईला काय समजवायचे? तेवढ्यात फोन आपाने घेतला. तिने एकच विचारले, "वकिलाला पैसे किती लागतील?"

त्याचे उत्तर मला सरांनी आधीच सांगून ठेवले होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

आपाची इद्दत पुरी झाली आहे. दिवाळीच्या सुटीत गेले तेव्हा ती दारात बसून मुलीला जेवू घालत होती. सिल्वासाच्या न्यायालयात तिचा अर्ज दाखल आहे, तारखा पडत आहेत. निकाल काय लागेल, ते मी सांगू शकत नाही. पण 'कसलीही मागणी राहणार नाही' या ओळीखाली तिची सही नाही, एवढे खरे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती उद्या लोक विश्वासाने कागद देतील आणि म्हणतील, जरा बघ, बरोबर आहे का. तेव्हा नुसती बेरीज तपासून 'बरोबर आहे' म्हणू नका. कोणते खाते राहिले, ते आधी पाहा.